वीतभर

जमिनीचा भाव चौरस मीटरवर बोलतात ते लोक वेगळे.
पांढरे बूट, दोन फोन.
मी परिमितीचा माणूस.
तुर्भ्याच्या गाळ्यात तारेची भेंडोळी ठेवतो,
मीटरवर विकतो, खांबासकट लावून देतो.
आत काय आहे, किती आहे, विचारत नाही.
माझं पोट कडेकडेनं भरतं.

घणसोलीत मढवींचा प्लॉट,
साडेबारा टक्क्यांत आलेला,
बापाच्या चपला झिजून संपल्यावर.
रस्त्याला दहा मीटर, आत वीस.
दोनशे चौरस मीटर, साठ मीटर तार,
अर्ध्या दिवसाचं काम.

पण हसुराम म्हणाला, दोन भाग करा.
काशिनाथ म्हणाला, समान.
समान करणं सोपं.
मी म्हटलं, मधोमध आडवं कापू,
पुढे एक चौकोन, मागे एक चौकोन,
दहा बाय दहा, दोघांची मिळून ऐंशी मीटर.
मागे कोण जाणार, यावर
दोघांनी एकदमच चपला घातल्या.

म्हणजे उभं कापायचं.
दोघांना रस्ता,
दोघांना पाच-पाच मीटर तोंड
आणि मागे वीस मीटर शेपूट.
प्रत्येकी पन्नास. दोघांची शंभर.
जमीन बोटभरही वाढली नव्हती,
वाढली ती कड.
हे मला शाळेनं नाही, गल्ल्यानं शिकवलं.
उद्या यांची पोरं पुन्हा चिरतील,
अडीच-अडीच मीटरच्या चार पट्ट्या,
एकशे ऐंशी मीटर तार.
माझा धंदा बुडायचा नाही.

चांगुणा, त्यांची बहीण, दिवाळ्याहून आली होती
तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी घेऊन.
हक्कसोडीवर अंगठा दिलेला,
निळी शाई अजून नखाच्या कडेला.
मी पहिला खड्डा खणत होतो तेव्हा
ती प्लॉटभोवती सावकाश एक फेरी मारून आली.
साठ मीटर.
तिच्या वाट्याला तेवढंच आलं,
परिमिती सगळी, आत शून्य.

जेवताना हसुराम मला सांगत होता,
बाबा खाडीत पाग टाकायचा.
घेराला शिशाचे मणी, मोजून तीनशे.
मणी तेवढेच, पण आमचा हात चुकला
की जाळं काकडीसारखं लांबट पडायचं,
बोईट नाय, काय नाय, नुसता चिखल.
बाबानं फेकला की हवेतच उघडायचा,
परातीसारखा गोल.
काशिनाथ भाकरी मोडत, खाली बघत म्हणाला,
शेवटचे मणी मीच ओवलेले.
त्या दिवशी भावाभावांत एवढंच बोलणं.

मधली तार एक की दोन?
एक पुरते, मी म्हटलं (माझ्याच पोटावर पाय देऊन),
वीस मीटर वाचतील.
दोघं म्हणाले, माझी मला.
मग दोघंही आपापल्या हद्दीत जरा मागे सरले,
मध्ये वीतभर फट उरली.
रात्री गाळ्यात सवयीनं हिशेब केला.
फटीचं क्षेत्रफळ चारेक चौरस मीटर,
भोवती तार चाळीसच्या वर.
धाया मढवीच्या हातात दिली असती हीच तार
तर गोल पडली असती,
सव्वाशे चौरस मीटर झाकून.

भादव्यात उरलेले पैसे आणायला गेलो.
फटीत घोसाळीचा वेल,
दोन्ही तारांवर पाय देऊन चढलेला,
इकडे दोन लोंबत, तिकडे तीन.
बी कुणी टाकलं, दोघंही सांगेनात.
माझा हात टेपकडे गेला होता,
तो तसाच खिशात राहिला.
रस्त्याकडून चांगुणा येत होती,
कापडी पिशवी झटकत.